चढत्या माशाचा सातबारा

मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या, ओढे गढुळले आणि शेतात पाणी साचले, की वसई-पालघरच्या गावांत एक शब्द घरोघर ऐकू येतो : वलगण. कंदील, टोपली, जुनी चादर, हाती लागेल ते घेऊन मुलेमाणसे रात्री ओढ्याकाठी धावतात. कारण अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढणारे मासे वर्षातून हेच चार दिवस माणसाच्या हाताशी येतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या बालपणीची ही आठवण असेल. इतरत्र यांनाच ‘चढणीचे मासे’ म्हणतात. समुद्रकाठच्या माणसाला मासळी म्हटले की पापलेट-सुरमई आठवते. परंतु समुद्रापासून शेकडो मैल दूर, महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, एक अख्खा समाज या चढणीच्या आधारे पिढ्यानुपिढ्या जगत आला. त्या समाजाची आणि त्याच्या नदीची कहाणी आम्ही येथे मांडू इच्छितो.

हा प्रदेश म्हणजे भंडारा जिल्ह्यातील तुमसर आणि त्याचा परिसर. हावडा-मुंबई लोहमार्गाने जाणाऱ्यास तुमसर रोड हे स्थानक लागते. तेथून एक फाटा तिरोडीकडे जातो. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणी आणि तांदळाची मोठी बाजारपेठ या दोन गोष्टींमुळे तुमसरचे नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे. परंतु या भूमीचे खरे वैभव पाणी. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावणारी वैनगंगा शिवनी-बालाघाटची भूमी ओलांडून येथे येते; दोन राज्यांच्या सीमेवरून वाहणारी बावनथडी तिला येऊन मिळते. पुढे हीच वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. तुमसरजवळ माडगी येथे नदीच्या पात्रातच नृसिंहाचे मंदिर आहे. तेथे उभे राहून पाहिले म्हणजे ध्यानात येते, की ही नदी म्हणजे बंगालच्या उपसागरापासून सातपुड्याच्या उतारापर्यंत गेलेला एक दीर्घ राजमार्ग आहे. आणि त्या मार्गाचे सर्वांत जुने प्रवासी मासे आहेत.

चढणीमागे निसर्गाची मोठी योजना आहे. कार्प कुळातील आपले मोठे मासे साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यांना वाहते, नवे, पुराचे पाणी लागते. आषाढात नदी काठ सोडून पसरली, की हे मासे प्रवाहाविरुद्ध चढून नुकत्याच बुडालेल्या उथळ गवताळ जागा शोधतात आणि तेथे लाखो अंडी सोडतात. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. आणि पूर ओसरण्यापूर्वी पिल्लांना मुख्य प्रवाहात परतावे लागते, अन्यथा चिखलातच त्यांचा शेवट ठरलेला. मरळीसारखे मासे भाताच्या बांध्यांत आणि उथळ पाण्यात शिरून तेथे पिल्ले राखतात. नदीतून नाल्यात, नाल्यातून तलावाच्या सांडव्यावरून आत, असा हा प्रवास चालतो. पूर्वी कोणी बीज आणून सोडत नसतानाही भंडाऱ्याचे तलाव माशांनी भरत, त्याचे रहस्य हेच.

जगात ज्या चढणीचे सर्वाधिक कौतुक झाले ती सॅल्मनची. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅल्मन नदीत जन्म घेतो, समुद्रात मोठा होतो आणि जन्मनदीचा गंध ओळखून तिथेच अंडी घालण्यास परततो. पॅसिफिकमधील बहुतेक सॅल्मन अंडी घालून तिथेच प्राण सोडतात. स्टीलहेड हा वास्तविक ट्राउटच. परंतु तो समुद्रात जाऊन येतो आणि पुन:पुन्हा चढू शकतो. इंग्रज साहेबांना आपल्या देशातील या माशांची आठवण इतकी छळी, की १९००च्या सुमारास त्यांनी ट्राउट काश्मिरात आणून सोडला आणि पुढे निलगिरीतही रुजविला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी मात्र १८७३ साली गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहून सांगितले, की आपल्याच नद्यांतील महसीर खेळात सॅल्मनला हार जाणारा नाही. साहेबाच्या दृष्टीने हा खेळ होता. वैनगंगेच्या काठी ते पोट होते.

ते पोट ज्यांचे, त्यांना येथे ढिवर म्हणतात. ‘धीवर’ या संस्कृत शब्दाचेच हे रूप. या समाजाला साहित्यात फार प्राचीन स्थान आहे. व्यासांची माता सत्यवती ही धीवरांच्या घरी वाढली. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त हरवलेली अंगठी रोहित माशाच्या पोटात सापडते ती एका धीवराला, राजाचे शिपाई त्यालाच चोर ठरवून बांधून नेतात, त्याच्या धंद्याची टिंगल करतात आणि तो मात्र आपला पिढीजात व्यवसाय सोडण्याजोगा नाही असे त्यांना शांतपणे ऐकवितो. ज्याच्या हाती राजाची खूण लागली त्यालाच प्रथम दंडाची भीती दाखविली गेली, हा प्रसंग आम्हांला पुढील साऱ्या इतिहासाची जणू नांदी वाटतो.

ढिवरांचे वर्ष पाण्याबरोबर फिरते. उन्हाळ्यात नदी आटून वाळूचे पट्टे उघडे पडले, की ते त्या वाळूत डांगराच्या वाड्या लावीत. पावसाळा आला म्हणजे चढणीचे दिवस : नाल्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे, उथळ पाण्यात फेकजाळे, डोहात डोंगा. पावसाळा सरला की तलावातील शिंगाड्याचा हंगाम. आणि हिवाळ्यात पाणी उतरू लागले म्हणजे तलावातील मासेमारी. काही कुटुंबे जंगलात कोशाचे किडेही पाळीत. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात ढिमरांच्या या साऱ्या उद्योगांची नोंद आहे. मासेमारीबरोबर पालखी वाहणे आणि लोकांच्या घरी पाणी भरणे हीही त्यांचीच कामे होती. एका हंगामाने दगा दिला तर दुसरा हात देई. जमीन नसलेल्या माणसाने पाण्यावर बसविलेला हा संसार होता. त्यात स्त्रियांचा वाटा मोठा. मासे निवडणे, सुकविणे आणि टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकणे हे काम त्यांचे.

आता प्रश्न येतो तो मालकीचा. जमिनीला सातबारा असतो. आज खाली असलेला, उद्या वर जाणारा, परवा दुसऱ्या राज्यात पोचणारा जो चढता मासा, त्याचा सातबारा कोणत्या पटवाऱ्याने लिहावा? प्रत्येक राजवटीने या प्रश्नाचे उत्तर आपापल्या सोयीने दिले. त्या उत्तरांची ओळ लावली, की ढिवरांचा इतिहास तयार होतो.

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळी तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची रीत होती आणि कोहळी समाजाने या कामात असामान्य कौशल्य मिळविले. टेकड्यांच्या कुशीत मातीची पाळ घालून त्यांनी शेकडो तलाव आणि बोड्या उभ्या केल्या; आज गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध हा त्यांतील थोर नमुना. भोसल्यांचे राज्य जाऊन इंग्रजी अंमल आला. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याच दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. गावाबरोबर तलावही त्यांचा झाला. तरीही रयतेला पाणी, सरपण, चराई यांचे काही हक्क निस्तार म्हणून राहिले. ढिवर मालगुजाराच्या तलावात मासे धरी आणि त्यातील वाटा त्याला देई. ही व्यवस्था न्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही. तीत वेठ होती, मर्जी होती. परंतु मालगुजार गावातच राहत असे आणि पाळ फुटली तर त्याचीही बांधी वाळत असे. त्यामुळे तलावाची देखभाल होई. नदी मात्र कोणा एकाची नव्हती. तेथे डोह आणि घाट यांच्या वाटण्या गावोगावच्या ढिवरांच्या आपसांतील रूढीने ठरत.

नदीकडे सरकारचे लक्ष वळले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीविषयी आपला अहवाल दिला. पिल्लांची बेसुमार कत्तल आणि नद्यांवरील बंधाऱ्यांनी माशांची वाट अडणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी तेव्हाच निदर्शनास आणल्या होत्या. १८९७ साली भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम झाला. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरले. कायदा योग्यच होता. परंतु सरकारने माणसाचा हात बांधला आणि भिंतीचे मात्र काहीच केले नाही. पुढील शतकभर सरकार स्वत:च भिंती बांधणार होते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांचे नावही बदलले : माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच आजचे ‘मामा तलाव’. १९५६ साली भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. तलाव सरकारी खात्यांकडे आणि जिल्हा परिषदेकडे गेले; ढिवरांच्या सहकारी संस्था निघाल्या आणि मासेमारीचे हक्क ठेक्याने मिळू लागले. मालगुजाराची मर्जी गेली हे मोठे पाऊल होते, यात शंका नाही. परंतु मासे पकडण्याचा ठेका एकाच्या हाती, पाणी सोडण्याचा अधिकार दुसऱ्याच्या आणि गाळ काढण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, अशी नवी अवस्था जन्मास आली. तलाव गाळाने भरत गेले, बेशरमाची झुडपे माजली.

आणि मग आले १९५७ हे वर्ष. जगाच्या दोन टोकांना त्या वर्षी घडलेल्या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांला वाटते. त्या वर्षी १० मार्च रोजी अमेरिकेतील कोलंबिया नदीवर ‘द डॅलस’ धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सेलिलो नावाचा धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. हजारो वर्षे तेथील आदिवासी लाकडी माचांवर उभे राहून त्या धबधब्यावर चढणारे सॅल्मन झेलत असत. त्याच वर्षी १० जुलै रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेण्यात यश मिळविले. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो; आणि तो गौरव यथार्थ आहे, कारण देशाच्या मत्स्योत्पादनाचा पाया त्याने घातला. परंतु या शोधाचा एक मूक अर्थ असाही होता, की आता माशाला नदी चढण्याची गरज उरली नाही. एका ठिकाणी चढण बुडाली. दुसऱ्या ठिकाणी ती अनावश्यक ठरली.

त्याचे परिणाम वैनगंगेच्या खोऱ्यात दिसू लागले. तलावात केंद्रातून आणलेले रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पडू लागले. ज्याच्यापाशी बीज विकत घेण्याचा पैसा त्याचा मासा, हे नवे उत्तर तयार झाले. मरळ, वाम, झिंगे यांची किंमत हिशेबात राहिली नाही. तिकडे नदीवर एकामागून एक भिंती उभ्या राहिल्या. आज एखादा मासा गोदावरीतून वर निघाला असे समजा. त्याला तेलंगणच्या सीमेवर २०१९ साली सुरू झालेला मेडीगड्डा बंधारा लागेल, मग गडचिरोलीतील चिचडोह, मग भंडाऱ्यातील गोसेखुर्द, मग धापेवाडा. आणि या सर्वांतून तो वाचलाच, तर शिवनीत संजय सरोवराची भिंत. बावनथडीकडे वळला तर तुमसर तालुक्यात सितेकसाजवळचे आंतरराज्य धरण. गोसेखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाने शेताला पाणी दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु डोह गेले, डांगराची वाळू बुडाली आणि नागपूर शहराचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून येऊन त्याच जलाशयात साचले. जमीन बुडालेल्यास मोबदला मागता आला, कारण त्याच्यापाशी सातबारा होता. ज्याचा डोह बुडाला त्याने कोणता कागद दाखवावा?

येथे आमच्या वाचकांस थोडे विषण्ण हसू यावे अशीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्रातील अनेक जलाशयांत आज तिलापिया या परदेशी माशाने ठाण मांडले आहे. १९५२ साली तो आपल्या देशात आणला गेला. या माशाला ना पूर लागतो, ना चढण. साचलेल्या पाण्यातच त्याची प्रजा वाढते आणि इतरांना जागा उरत नाही. गालील सरोवरातील ‘पेत्राचा मासा’ म्हणून यात्रेकरूंच्या ताटात येतो तो याचाच भाऊबंद. आपल्या सरोवरात तो शोभतो. दुसऱ्याच्या नदीत तो आगंतुक ठरतो.

दोष सारा धरणांचाच आहे, असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. चढणीत सापडणारा मासा गाभोळीने भरलेला असतो. तो मारणे म्हणजे पुढील वर्षाचे पीक बियाण्यातच खाणे होय. वलगणीच्या रात्री ओढ्यावर धावणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी याचा विचार केला? समुद्रावर पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आपल्या कोळीबांधवांच्या अंगवळणी पडला आहे. मध्य प्रदेशात नद्यांसाठी १६ जून ते १५ ऑगस्ट असा बंदीचा काळ ठरलेला आहे. बावनथडीचा एक काठ त्या राज्यात, दुसरा आपल्या. माशाला ही सीमा ठाऊक नाही. परंतु बंदीच्या दिवसांत ढिवराच्या घरची चूल कशी पेटावी, याचे उत्तर दिल्यावाचून केवळ बंदी घालणे म्हणजे पुन्हा एकदा फक्त हात बांधणेच होईल.

मग यातून वाट कोणती? पुन्हा त्या दूरच्या नद्यांकडे पाहावेसे वाटते. अमेरिकेच्या वायव्येकडील जमातींनी १८५४-५५ साली जमिनी सोडताना तहात एक अट लिहून घेतली होती, की आमच्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा आमचा हक्क राहील. ती अट सुमारे एकशेवीस वर्षे जवळजवळ कागदावरच राहिली; स्वत:च्या नदीवर जाळे टाकले म्हणून त्यांना अटक होत असे. शेवटी १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निर्णय दिला, की पकडण्याजोग्या सॅल्मन आणि स्टीलहेडपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा या जमातींचा आहे. १९७९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यत: उचलून धरला. त्याहून आश्चर्य पुढे घडले. क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ सालापर्यंत पाडण्यात आली आणि त्याच शरद ऋतूत, शंभराहून अधिक वर्षांनी, सॅल्मन त्या जागांच्या वर चढून गेला. वाट मोकळी होताच मासा परतला. त्याला कोणी आमंत्रण धाडावे लागले नाही.

आपल्याकडे असा तह नव्हता. परंतु २००६च्या वनहक्क कायद्यात जलाशयांतील मासे आणि इतर उपज यांवरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र तो वनक्षेत्रापुरता. आणि जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. महाराष्ट्रात ढिवर हे भटक्या जमातींत मोडतात. ज्यांनी शतकानुशतके एका नदीचा काठ सोडला नाही त्यांना कागदाने ‘भटके’ ठरविले आणि आता स्थायिक असल्याचा पुरावा मागितला, हा विरोधाभास मनाला लागतो.

तरीही काही माणसे केवळ कागदाची वाट पाहत बसलेली नाहीत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन काही मामा तलावांत वेगळे काम केले आहे. बेशरम उपटून काढली, पाण्यातील देशी वनस्पती पुन्हा लावल्या, गावठी माशांना आसरा दिला; आणि मासे व पक्षी परतू लागले. यात विशेष असे, की कोणती वनस्पती कोठे लावावी हे ज्ञान ढिवरांपाशीच होते. ज्येष्ठ वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीही नवेगावबांधच्या वास्तव्यात पाण्याची आणि पाण्यातल्या जीवांची विद्या तेथील लोकांपाशी बसून आत्मसात केली होती. तिची किंमत शेजाऱ्यांना कळण्यास मात्र शतक लागले.

माडगीच्या काठावरून परतताना आमच्या मनात तोच प्रश्न घोळत राहतो. चढत्या माशाचा सातबारा लिहिता येत नाही, हे खरे; कारण तो कोणाचाच नव्हे. परंतु जो कोणाचाच नाही तो बलवंताच्या घशात जावा, असा याचा अर्थ नव्हे. ज्याने त्याची वाट राखली, त्याचा ऋतू ओळखला, त्याच्या नावाने आपले वर्ष मोजले, त्याचा त्यावर पहिला हक्क आहे. आणि वाट राखण्याचे पहिले कर्तव्यही त्याचेच. ते कर्तव्य त्याला करता यावे इतकी नदी त्याच्यासाठी शिल्लक ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. पुढच्या मृगात वसईच्या ओढ्यावर कंदील घेऊन जाणाऱ्या मुलाला त्याच्या आजोबांनी एवढेच सांगावे : बाळा, गाभोळीचा मासा वर जाऊ दे, तिकडे वैनगंगेच्या काठी एक घर याच माशाकडे डोळे लावून बसले आहे.